विमानात हातातल्या बॅगेत लॅपटॉप, पॉवर बँक, ड्रोन: कुठे अडवलं, काय काढून घेतलं? अनुभव लिहा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: पॉवर बँक हातात ठेवायची की चेक-इनला द्यायची? उत्तर सरळ आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही. पण गोंधळ होतो तो त्याच्या पुढे. विमान भरलेलं असलं की वर जागा उरत नाही, मग अगदी दाराशी आल्यावर हातातली बॅगही टॅग लावून खाली पाठवतात.

परवा पुण्याच्या लोहगाव विमानतळावर माझ्या पुढे एक काका होते. त्यांची बॅग अशीच घेतली. कर्मचाऱ्याने घाईघाईत, इंग्रजीत काहीतरी विचारलं, काकांनी मान हलवली. मी म्हटलं, "काका, आत पॉवर बँक नाही ना?" ते थबकले. तिथेच जमिनीवर बॅग उघडली, बाकरवडीचे पुडे बाहेर आले, त्याखाली टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेली चांगली जाडजूड पॉवर बँक. मुलाने नातवासाठी मागवली होती. ती खिशात घेऊन काका विमानात चढले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना समजेल अशा भाषेत कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून हा धागा. ऐकीव नको, स्वतःचा किंवा घरातल्यांचा अनुभव लिहा.

हिंजवडी फेज २

मी २०१७ चं सांगतो, कारण तेव्हा नियम बरोबर उलटा होता. त्या मार्चमध्ये अमेरिकेने आठ देशांतल्या दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठी उपकरणं केबिनमध्ये न्यायला बंदी घातली. त्यात दुबई, अबू धाबी, दोहा तिन्ही होते, म्हणजे आम्हा आयटीवाल्यांचा नेहमीचा रस्ता. कारण बॉम्बची भीती. ब्रिटननेही सहा देशांसाठी तशीच बंदी आणली, पण त्यांच्या यादीत आखाती विमानतळांपैकी दुबई-दोहा नव्हते.

लॅपटॉप ऑफिसचा, आत ग्राहकाचं काम. गेटवर तो बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात घातला, पावती हातात दिली. चौदा-पंधरा तास डोळ्यांसमोर ते खोकंच. पोहोचल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा. भरपाईसाठी लिहिलेल्या मेलला उत्तर आलं नाही. जुलैमध्ये बहुतेक ठिकाणची बंदी उठली. पण मला तेव्हाही एक गोष्ट खटकत होती: एवढे लॅपटॉप एकत्र सामानाच्या कप्प्यात, आणि त्यातल्या एकाची बॅटरी पेटली तर?

केबिन क्रू, विश्रांतवाडी

फेज २, तुमची शंका अगदी रास्त होती. मी या नोकरीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट झालं की एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि साखळी सुरू होते. सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा विझवतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता थांबवू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू ७४७ कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानातल्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. २०१६ पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला जगभर मनाई आहे.

केबिनमध्ये मात्र आम्ही असतो. प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात: आधी ज्वाळा विझवा, मग पाणी ओतत राहा. पाणी नसेल तर ज्यूस, कोल्ड्रिंक, जे हाताशी असेल ते. बर्फ ठेवायचा नाही, ब्लँकेट टाकायचं नाही. झाकलं की उष्णता आतच कोंडते. हे सगळं जमतं कधी, तर धूर लगेच दिसला तर. डोक्यावरच्या कप्प्यात तीन बॅगांच्या मागे असलेली पॉवर बँक पेटली तर कळेपर्यंत उशीर होतो. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात अशीच वरच्या कप्प्यातून आग लागली. आतल्या १७६ जणांना बाहेर काढलं, विमान जळालं. तपासात संशय पॉवर बँकेवर आला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेलं विमान जमिनीवरच होतं तेव्हा एका प्रवाशाची पॉवर बँक सीटच्या खिशात पेटली. समोरच होती म्हणून लगेच विझवता आली.

आणखी एक, कळकळीने सांगते. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, मागे-पुढे करू नका. यंत्रणेत चिरडला की तो पेटतो. बेल दाबा, आम्ही काढून देतो. लोक संकोचाने स्वतःच हात घालत बसतात.

चाकणवारी

कंपनीच्या कामाला चीनला जाणं-येणं असतं. २८ जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानांत ३सी शिक्का (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली पॉवर बँक चालत नाही. मुंबईहून शांघायपर्यंत कुणी काही बोललं नाही. पुढे शेनझेनच्या विमानासाठी सुरक्षा तपासणीत काढून घेतली. टेबलाशेजारी टोपलीत तशाच कितीतरी पडलेल्या. तुमची इथे विकत घेतलेली असेल तर त्यावर तो शिक्का बहुधा नसतोच, तेव्हा चीनमध्ये आतला प्रवास असेल तर नेऊच नका.

आकड्यांचा गोंधळ असतो म्हणून हिशेब देतो. मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा साठते त्या मापात असते: १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी, त्यावर नाही. पॉवर बँकेवर लिहिलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. २०,००० ची ७४ येते, म्हणजे बिनधास्त. ३०,००० ची १११, तिथे अडचण. अंगावरची अक्षरं पुसली गेली असतील तर अधिकारी हिशेब ऐकत बसत नाही.

लग्नाचे फोटो, धनकवडी

ड्रोनच्या बॅटऱ्या हातातच. माझ्या प्रत्येकी ७७ वॉट-अवरच्या. टोकांवर चिकटपट्टी लावतो आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, म्हणजे किल्ली-नाणं लागून शॉर्ट व्हायला नको. उदयपूरच्या लग्नाला जाताना लोहगावला सीआयएसएफच्या जवानाने सगळ्या बाहेर काढायला लावल्या, पट्ट्या पाहिल्या आणि "ठीक आहे" म्हणून सोडलं. आपला विमानतळ हवाई दलाच्या हद्दीत आहे, तेव्हा ड्रोन काढून दाखवा म्हटलं तर कुरकुर करू नका आणि तिथे फोटो काढू नका.

सह्यभटक्या

ट्रेकर मंडळींसाठी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं (गार्मिन इनरीच वगैरे) आणि सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. बॅग हातातली की चेक-इनची हा प्रश्नच नाही. हिमालयाच्या ट्रेकला आमच्यासोबत परदेशातून आलेली एक बाई होती. तिने यंत्र स्वतःहून ट्रेमध्ये ठेवलं, कारण तिच्या देशात ते सुरक्षिततेसाठी आवर्जून नेतात. पोलिस ठाणं, जबाब, वकील, ट्रेक राहिला. आता परदेशी पाहुण्यांना आम्ही निघण्याच्या आधीच लेखी कळवतो. तुमच्या अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांनाही सांगा, ते हौसेने घेऊन येतात.

सहकारनगर

ह्यांना झोपेत श्वासाचा त्रास, सीपॅप मशीन लागतं. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवलं, मशीन वेगळ्या पिशवीत. आम्ही आधी फोन करून विचारलं होतं, त्यामुळे हातातल्या सामानाच्या सात किलोंत धरलं नाही. माझ्या बहिणीला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर न्यायचा होता. त्याला परवानगी आधीच घ्यावी लागली, आणि प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी मागितली. हे ऐनवेळी होत नाही हो.

वारज्याची सून

ताई, एक विचारते. सासू-सासरे पहिल्यांदाच दुबईला चाललेत, एमिरेट्सने, मुंबईहून. दोघांना मिळून दोन पॉवर बँका दिल्या तर चालतील का? आणि विमानात फोन चार्ज करता येईल?

धागाकर्ती

वारज्याची सून, १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्समध्ये माणशी एकच, १०० वॉट-अवरच्या आतली. दोघांना एकेक द्या, एकाच्या बॅगेत दोन्ही नकोत. विमानात तिच्यावर फोन चार्ज करता येणार नाही, आणि तीही चार्ज करायची नाही. वरच्या कप्प्यात नाही, सीटच्या खिशात किंवा सीटखाली. आपल्या डीजीसीएनेही (विमान वाहतुकीचे नियम करणारं सरकारी खातं) आता विमानात पॉवर बँक वापरायला आणि वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आहे, तेव्हा येता-जाता कुठल्याही कंपनीत तेच करायला सांगा. सासऱ्यांच्या बॅगेत ती पुढच्या चेनमध्येच ठेवा, आणि बॅग कुणी मागितली तर आधी ती चेन उघडायची, हे त्यांच्याकडून घरी एकदा करवून घ्या.