मदत हवी आहे: पुणे ते बंगळुरू, गाडीत मी आणि तानपुरा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरपासून बंगळुरूला नवी नोकरी सुरू होतेय. इकडचं काम संपणं आणि तिकडे रुजू होणं यांत नोव्हेंबरअखेरचा आठवडाभर मोकळा मिळालाय. घरचं सामान ट्रकने पुढे जाईल. तानपुरा मात्र मी ट्रकमध्ये देणार नाही. सामान बघायला आलेल्या माणसाने गवसणीवर हात ठेवून "मॅडम, यावर हलके खोके चालतील ना?" असं विचारलं, तिथेच ते ठरलं. तेव्हा वॅगनारमध्ये मी, तानपुरा, दोन बॅगा आणि कढीपत्त्याची कुंडी.

सरळ हायवेने हे अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर. लोक पहाटे निघतात आणि रात्री पोचतात. मला तसं जायचं नाहीये. मी किराणा घराण्याचं गाणं शिकते (शिकते म्हणजे अजून सा लावते), आणि या घराण्याची कितीतरी गावं याच रस्त्याच्या आसपास आहेत. इतकी वर्षं रात्रीच्या बसमध्ये झोपून ती ओलांडली.

डोक्यात आहे ते असं. पहिला मुक्काम मिरज. तानपुरा तिथलाच आहे, त्यामुळे त्याचं माहेरपण. जवारीही (तारांखालची घोडी घासून सूर गुंजता करणं) लावून घ्यायची आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीत भोपळे टांगलेले दिसतात आणि आतून कानशीचा आवाज येतो, ते मला जास्त महत्त्वाचं. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. १९३७ मध्ये गेलेले, आमच्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. तिथे थोडा वेळ बसायचं आहे.

पुढे बेळगावमार्गे धारवाड. मल्लिकार्जुन मन्सूर किराण्याचे नव्हेत, पण त्यांचं घर चुकवून पुढे गेले तर आमच्या बाई मला शिकवायच्या बंद होतील. मग हुबळी आणि कुंदगोळ, म्हणजे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांचं गाव. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी दोघेही तिथेच त्यांच्याकडे शिकले. मग भीमसेनजींचं गाव गदग, वाटेत लक्कुंडीची देवळं, हंपी, आणि चित्रदुर्गावरून बंगळुरू.

आता अडचणी. मिरज ते बेळगाव मधल्या रस्त्याने जावं, की कोल्हापूरला येऊन हायवे धरावा? कुंदगोळचा गाण्याच्या बैठकींचा नाडगीर वाडा बाहेरच्या माणसाला आतून बघता येतो का? हंपीत विठ्ठल मंदिराच्या बऱ्याच अलीकडे गाडी ठेवावी लागते. तेवढा वेळ तानपुरा उन्हात बंद गाडीत ठेवायला जीव धजत नाही, म्हणून हंपी गाळायचा विचार आहे. आणि एमएच पाटीची गाडी कर्नाटकात किती दिवस चालते?

"बाईमाणूस, एकटी कशाला?" हे घरी दोन्हीकडून ऐकून झालंय. कृपया तेवढं सोडून लिहा.

तवंदीघाट: ताई, मधला रस्ताच धरा. कागवाड, चिकोडी, संकेश्वर, आणि तिथून हायवे. कोल्हापूरला वळसा घालून काही मिळणार नाही. सातारा-कागल सहापदरीकरणामुळे हायवेवर जागोजागी वळवाटा आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. तुम्ही ऐन गळीत हंगामात येताय. एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अंधारात तो ऊस काचेजवळ आल्यावरच दिसतो. दिवस मावळायच्या आत बेळगाव गाठा. मिरजेत जेवणानंतर निवांत निघू, असं करू नका.

कुंदगोळला गाडी नेऊच नका. हुबळीत खोली घ्या, तानपुरा कुलपात ठेवा आणि पॅसेंजरने जा. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनेच शिकायला जायच्या. वाड्याचं गावात कुणालाही विचारा. मी गेलो होतो तेव्हा घरच्यांनी आत बोलावून चहा दिला होता. भाषेची काळजी नको, हुबळी-धारवाडात मराठी समजणारे भेटतात. पेढा धारवाडच्या लाईन बाजारातला घ्या.

खर्ज: तानपुऱ्याबद्दल. तारा पार ढिल्या सोडू नका, चार-पाच सुरांनी उतरवा. जवारीचे दोरे काढून पाकिटात ठेवा आणि घोडीवर तारांखाली मऊ कापडाची घडी सरकवा. पुढची डावी सीट आडवी करा, भोपळा मागच्या सीटवर गादीत आणि दांडी पुढे, असा बसतो. भोपळा आणि दांडी जुळतात त्या सांध्याखाली उशी हवीच, खड्ड्याचा दणका तिथेच बसतो. उन्हाची भीती खरी आहे, बंद गाडीत सांधा सुटलेला पाहिलाय. पण त्यासाठी हंपी गाळणं म्हणजे फारच झालं. होस्पेटला उतरा, गाडी लॉजच्या आवारात, तानपुरा खोलीत, आणि हंपी दिवसभराच्या रिक्षाने बघा.

पासिंग: बारा महिन्यांपर्यंत एमएच पाटी चालते. त्याहून जास्त राहणार असाल तर तिकडे नव्याने नोंदणी आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागेल, ते पुण्यात आहात तोवरच मागून ठेवा. नवी नोंदणी झाली की महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. अर्ज जरूर करा, पैसे कधी येतील ते विचारू नका. तोवर रुजू झाल्याचं पत्र आणि घरभाड्याचा करार गाडीत असू द्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वेने कुंदगोळ हे सुचलंच नव्हतं, आता तेच करणार. हंपीही परत यादीत आलं. बँकेला आजच मेल केली.

खर्ज, तुम्हाला अजून एक विचारते. मिरजेत जवारी लावून लगेच एवढा प्रवास आणि पुढे बंगळुरूची निराळी हवा, यात ती टिकेल का? की आत्ता नुसत्या तारा बदलून घ्याव्यात आणि तिकडे दोन-तीन महिने मुरल्यावर जवारीचं बघावं? तिकडे हे काम करणारा कुणी माहीत असेल तर तेही सांगा.