मानवी एसीई-२ : बँड ८५ ऐवजी १२० ला दिसतो, आणि एलायझाचा सिग्नल तीन आठवड्यांत घसरला

काचनळी:
एचईके २९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींत बनवलेलं रिकॉम्बिनंट मानवी एसीई-२ (करोना विषाणूचं स्पाइक ज्याला चिकटतं ते प्रथिन) वापरतोय. अमिनो आम्लं १८ ते ७४०, शेवटच्या टोकाला हिस टॅग (ओळखीसाठी जोडलेली हिस्टिडिनची छोटी शेपटी). माहितीपत्रकात वस्तुमान सुमारे ८५ किलोडाल्टन दिलंय, पण रिड्यूसिंग जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करतो ते) बँड १२० च्या आसपास येतो, तोही पसरट. माल चुकीचा आलाय का?

दुसरी अडचण: १०० मायक्रोग्रॅमची वायल २०० मायक्रोलीटर पाण्यात विरघळवली. त्यातलं थोडं साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) १० मायक्रोग्रॅम/मिली करून ४ अंशांवर ठेवलं आणि तेच रोज वापरतोय. एलायझासाठी (अँटीबॉडी आणि रंग वापरून प्रथिन मोजण्याची चाचणी) प्लेटवर करोना स्पाइकचं आरबीडी (एसीई-२ ला चिकटणारा भाग, हिस टॅगसह), २ मायक्रोग्रॅम/मिली, रात्रभर. त्यावर एसीई-२, मग अँटी-हिस एचआरपी (हिस टॅगला धरणारी अँटीबॉडी, तिला एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं) आणि टीएमबी (त्या एन्झाइममुळे रंग येणारं रसायन). ४५० नॅनोमीटरला शोषण पहिल्या आठवड्यात १.८ येत होतं, आता ०.६. ब्लँक ०.०६ आहे (आरबीडी न लावता फक्त बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन) लावलेले वेल, बाकी सगळं तसंच), म्हणजे बॅकग्राउंडचा प्रश्न नसावा.

शर्करासाखळी:
माल बरोबर आहे. ८५ हे नुसत्या अमिनो आम्लांच्या साखळीचं वजन. मानवी पेशी त्यावर शर्करा चढवतात. एन-५३ (म्हणजे ५३ व्या जागचं अ‍ॅस्परजिन), एन-९०, एन-१०३, एन-३२२, एन-४३२, एन-५४६ या जागा तर ठरलेल्या. प्रत्येक रेणूवर शर्करा थोडी वेगळी, म्हणून बँड पसरतो. नेमका ८५ ला सुबक बँड दिसला असता तर मी जास्त सावध झालो असतो.

खात्री हवी असेल तर पीएनगेज एफ (या शर्करा कापून काढणारं एन्झाइम) लावा. १० मायक्रोग्रॅम प्रथिन ०.५% एसडीएस आणि ४० मिलिमोलर डीटीटीत १०० अंशांवर १० मिनिटं, थंड झाल्यावर १% एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), मग एन्झाइम, ३७ अंशांवर तासभर. एनपी-४० विसरू नका. मोकळं एसडीएस पीएनगेज एफलाच मारतं आणि बँड जागचा हलत नाही. जमलं तर बँड ८५ जवळ उतरेल. ३६ ला एक नवा बँड दिसेल, तो एन्झाइमचा.

मोलॅरिटी काढताना १२० धरू नका. सांद्रता २८० नॅनोमीटरवर मोजली असेल तर शर्करा तिथे दिसत नाही, म्हणून ८५ च धरायचे: १ मायक्रोग्रॅम/मिली म्हणजे सुमारे १२ नॅनोमोलर.

बफरवाले:
सिग्नल घसरण्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: १० मायक्रोग्रॅम/मिली, साधं पीबीएस, तीन आठवडे. इतकं पातळ प्रथिन ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून बसतं. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण आत काय उरलंय ते कळत नाही. नवी वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, पावडर झाकणाला लागलेली असते. पाणी घातल्यावर व्होर्टेक्स करू नका. फेस आला की प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर उलगडतं. १५ मिनिटं तसंच ठेवून हलक्या हाताने उलटसुलट करा. ५०० मायक्रोग्रॅम/मिलीचाच स्टॉक ठेवा, ०.१% बीएसए घाला, लो-बाइंड ट्यूबमध्ये १०-१० मायक्रोलीटरचे भाग करून -८० ला. एक भाग एकदाच वितळवायचा. आपोआप बर्फ काढणारा फ्रीझर नको, त्यात तापमान सारखं वरखाली होतं. पातळ द्रावण रोजचं रोज करा.

मात्र हेच प्रथिन बायोटिन लावायला किंवा एसपीआरच्या (रेणूंची पकड मोजणारं तंत्र) चिपवर अमाइन कपलिंगने (लायसिनमार्फत जोडून) बसवायचं असेल तर तो भाग बीएसएशिवाय ठेवा. बीएसएवरही लायसिन असतात, तेच आधी जागा अडवतील. ट्रिस बफरही तिथे चालत नाही.

शर्करासाखळी:
थांबा, एक मोठी गोष्ट राहिली. आरबीडीलाही हिस टॅग आणि एसीई-२ लाही? मग अँटी-हिस दोघांनाही धरतं. तुमच्या ब्लँकमध्ये आरबीडीच नाही, म्हणून तो स्वच्छ दिसतो. आरबीडी लावलेल्या वेलमध्ये एसीई-२ ऐवजी नुसतं बफर घालून बघा.

काचनळी:
केलं. एसीई-२ शिवाय ०.५२.

शर्करासाखळी:
म्हणजे आजच्या ०.६ मध्ये एसीई-२ चा वाटा जेमतेम ०.०८. आधीच्या १.८ मधूनही हे ०.५२ वजा करावं लागेल. ते आकडे तसेच अहवालात देऊ नका.

एसीई-२-एफसी (अँटीबॉडीचा एफसी हा शेपटीचा भाग जोडलेलं एसीई-२) घ्या आणि अँटी-ह्यूमन एफसी एचआरपीने वाचा. १ मायक्रोग्रॅम/मिलीपासून तिपटीने पातळ करत आठ वेल, तासभर, ०.०५% ट्वीनने चार धुण्या. एफसीमुळे दोन रेणू जोडीने बसतात, त्यामुळे पकड खरीपेक्षा घट्ट दिसते. केडी (पकड किती घट्ट ते सांगणारं माप) काढायचा असेल तर हा आकडा वापरू नका.

बफरवाले:
आणि पुढे याच प्लेटवर रुग्णांच्या सीरममधल्या, एसीई-२ ला अडवणाऱ्या अँटीबॉडी तपासायच्या असतील तर ह्यूमन एफसीही चालणार नाही. सीरममधलं आयजीजी (माणसाची स्वतःची अँटीबॉडी) आरबीडीला चिकटेल आणि अँटी-ह्यूमन एफसी त्यालाच धरेल. एसीई-२ अडलं असतानाही सिग्नल वाढलेला दिसेल. तिथे माउस एफसीचं एसीई-२ घ्या, नाहीतर बायोटिन लावलेलं एसीई-२ आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (स्ट्रेप्टाव्हिडिन बायोटिनला घट्ट धरतं). कुठल्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना तेही बघून घ्या, एचआरपी त्याने बंद पडतं.