मदत हवी आहे: ऑपरेशननंतर शाळेत घालायला कुठली ब्रा? (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न आतल्या कपड्यांचा आहे, ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी धागा सोडून दिला तरी चालेल.

मी सिडकोत राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ४६. उजव्या स्तनात कॅन्सर निघाला. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो झाली, शेक (रेडिएशन) मार्चमध्ये संपले. तब्येत बरी आहे, डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली आहे आणि जूनमध्ये शाळा उघडली की मला रुजू व्हायचंय. अडलंय ते ब्रापाशी.

घरात सैल गाऊनवर भागतं. पण शाळेत साडी आणि मी दिवसभर फळ्यापाशी. जुन्या ब्राच्या उजव्या कपात कापूस भरून पाहिला. आरशात उभं राहिलं की छान दिसतं. मग कपाटाच्या दारावर खोटं खोटं लिहून पाहिलं. हात वर गेला की तो कप सरकत सरकत पार गळपट्टीपर्यंत येतो आणि हात खाली घेतला तरी तिथेच बसतो. आता वर्गात पोरांसमोर तो खाली कोण ओढणार? त्यात पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे झाकली जाते ती नेमकी धड बाजू. डावीकडचं ऑपरेशन असतं तर निम्मं काम पदरानेच केलं असतं.

मेन रोडवरच्या एका दुकानात गेले होते. काउंटरवरच्या मुलाने आधी पॅडेड काढून दाखवल्या. नीट सांगितल्यावर "काकू, आपल्याकडे तसलं नसतं" असं इतक्या मोठ्याने म्हणाला की परकर घेत असलेल्या बायका वळून बघायला लागल्या. निघून आले.

कपात घालायला सिलिकॉनचा कृत्रिम स्तन येतो म्हणे, तो आत्ता चालेल का? नाशिकच्या उन्हात तो अंगावर सहन होतो का? साध्या ब्राला आतून खिसा शिवून घेता येतो का? आणि ब्लाउजचं काय करता तुम्ही? स्वतः वापरणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल. माझ्या आईचं मत "बॉडीस घाल आणि वरून पदर पिन कर, कोण बघतंय" असं आहे, ते मिळालेलं आहे.

डावखुरी
ताई, माझं डावीकडचं झालंय, गंगापूर रोडला राहते. कापूस वर चढतो कारण त्याला वजनच नाही. स्तनाच्या वजनाने ब्रा खाली धरून ठेवलेली असते, ते गेलं की हात वर करताना कपडा हातामागे जाणारच. कप कितीही चांगला घ्या, ही अडचण राहते. म्हणून आधी आत काय घालायचं ते ठरवा आणि ब्रा नंतर घ्या.

सिलिकॉनचा कृत्रिम स्तन दुसऱ्या बाजूच्या वजनाशी जुळवून घेतात. दिसण्यापेक्षा मला त्याचा फायदा पाठीला झाला. एका बाजूला भार आणि दुसरीकडे काहीच नाही, याने खांदा वाकडा धरायची सवय लागते. पण घाई करू नका. साधारणपणे ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन वापरायला सांगतात. शेक घेतलेले असतील तर कातडी शांत होईपर्यंत थांबायचं. शेवटचा शेक झाल्यावरही आठ-पंधरा दिवस ती आणखी लाल होते आणि मग सुधारते. तुमचे मार्चमध्ये संपलेत, तरी रेडिएशनच्या डॉक्टरांना कातडी दाखवून हो म्हणवून घ्या.

उन्हाचं खरं सांगायचं तर एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिलिकॉनखाली घाम येतोच. मी सुती खिशात घालते, म्हणजे ते थेट कातडीला लागत नाही. घरी आल्यावर काढून साध्या साबणाने हाताने धुऊन पुसून ठेवायचं. सेफ्टीपिन आणि वाढलेली नखं यांपासून जपा, भोक पडलं की पैसे गेले. घरी असताना मी विणलेला सुती वापरते. निटेड नॉकर्स इंडिया म्हणून मुंबईतून काम चालतं, बायका सुती दोऱ्याने विणतात आणि मोफत देतात. आत फायबर असतं, ते कमी-जास्त करता येतं. अगदी हलका आणि अंगाला मऊ. पण फळ्यासाठी तो एकटा पुरणार नाही, तोही चढेल.

नाशिकरोडकर
मी फिजिओथेरपिस्ट आहे. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणून दोन गोष्टी लिहिते. वायर असलेली ब्रा नको आणि दाबून धरणारी घट्ट स्पोर्ट्स ब्राही नको. खांद्यावरचे पट्टे रुंद हवेत. ब्रा काढल्यावर खांद्यावर खोल खाच दिसली तर पट्टा चुकलाय. खालच्या पट्टीत दोन बोटं सहज जायला हवीत. ती पट्टी रुंद असेल तर कपडा जागेवर राहायला बरीच मदत होते. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशी घ्या, इलास्टिक ढिलं पडलं की आतले हुक कामाला येतात. हात मागे नेताना खांदा दुखत असेल तर पुढून उघडणारी घ्या.

उजवा हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट झाली तर वाट न बघता दाखवा. ती सूज सुरुवातीलाच आटोक्यात ठेवणं सोपं असतं. फळ्यावर लिहायला काही हरकत नाही, हात हलता राहिलेला बरा.

सुईदोरा
खिशाचं मी सांगते, पंचवटीत शिवणकाम करते आणि असे खिसे बऱ्याच जणींना लावून दिलेत. पूर्ण कप असलेली, गळ्याला वर येणारी आणि काखेखाली उंच बाजू असलेली सुती ब्रा आणा. खिशाला सुती होजिअरीचं कापड घ्या आणि आधी धुऊन वाळवा, नाहीतर नंतर आटतं आणि कप चुण्या खातो. कपापेक्षा किंचित मोठा तुकडा कापून आतल्या बाजूने तळाला आणि मधल्या बाजूला शिवायचा. काखेकडची वरची बाजू तिरकी उघडी ठेवायची, तिथून आत सरकवता येतं आणि वाकलं तरी बाहेर पडत नाही. शिवणीची कड कपाच्या बाजूला गेली पाहिजे. व्रणाच्या बाजूला आली तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते. खालच्या इलास्टिकवरून टीप मारू नका, त्याचा ताण जातो. खिसा दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावला तर तिकडे कप उचलल्यासारखा दिसतो.

ब्लाउज मात्र ब्रा आणि आतलं सगळं घालूनच मापाला द्या. बहुतेक जणी आधी ब्लाउज टाकतात आणि मग रडतात. चार टक्सचा शिवा. कटोरीत दोन बाजूंतला फरक लगेच दिसतो. गळा बोटभर वर, मुंढा खोल नको आणि उजवी बाही थोडी सैल, आत माया (शिवणीत जादा कापड) ठेवून. हात सुजला तर उसवता येते.

सिलिकॉनला वेळ असेल तर माझी मावशी करायची ते सांगते. मऊ सुती पिशवीत फायबर आणि तळाला मूठभर मोहरीची घट्ट शिवलेली वेगळी पुरचुंडी. भार तळाशी बसतो आणि कप खाली राहतो. घामाने मोहरी दमट होते, म्हणून पुरचुंडी वरचेवर बदलायची. कातडी कच्ची असेल तर हेही नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना कातडी दाखवून आले, सिलिकॉन चालेल म्हणाले, सुरुवातीला थोडे थोडे तास. सुईदोरा, तुमच्या पद्धतीने शेजारच्या काकूंकडून एका ब्राला खिसा लावून घेतला आणि आत मोहरीचा भार. कपाटाच्या दारावर अख्खं पायथागोरसचं प्रमेय आकृतीसकट लिहून काढलं, कप जागचा हलला नाही! आता सिलिकॉनचं माप. नाशिकमध्ये दुकानदाराने नुसता ब्राचा नंबर विचारला. तेवढ्यावर घेऊ का?

डावखुरी
नुसत्या नंबरावर अजिबात घेऊ नका. तिकोनी, थेंबाच्या आकाराचे, काखेकडे पसरणारे असे प्रकार येतात आणि काही डाव्या-उजव्या बाजूसाठी वेगळे असतात. काखेतलं किती मांस गेलंय त्यावर ठरतं. घालून बघू देणारी आणि माप घ्यायला बाई असलेली जागाच गाठा. फोन करून आधी तेवढंच विचारा. स्वतःची खिसा लावलेली ब्रा आणि शाळेचा एक ब्लाउज बरोबर न्या, आणि तिथेही हात वर करून बघा. मी मुंबईला जाऊन घेतलं होतं, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. जाणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मला माझं बदलायचंच आहे.