सतरा वर्षांखालचा विश्वचषक: तुम्ही कुठे होतात?

२०१७च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला. २४ संघ, सहा शहरं, त्यातलं एक आपलं नवी मुंबई. कोणी कोणी पाहिला? आठवेल ते लिहा. निकाल नेटवर मिळतात, ते सोडून बाकीचं सांगा.

कोल्हापूरकर:
आपला अनिकेत जाधव संघात म्हटल्यावर विषयच संपला. एरवी खुन्नस धरून असणाऱ्या दोन तालमींची पोरं एकाच टीव्हीसमोर. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर, जीक्सन सिंगचा हेडर, १-१! फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. शेजारच्याच्या गळ्यात पडलो, तो कुठल्या तालमीचा ते बघायला वेळ कुणाला? मान वर केली तर पडद्यावर कोलंबियाची पोरं नाचत होती. मिनिटभरात पेनालोझानं दुसरा मारलेला. आमच्यातल्या निम्म्यांनी तो बघितलाच नाही.

नेरूळहून:
डी. वाय. पाटीलवर माली-स्पेन उपांत्य सामना. भारत केव्हाच बाहेर, तरी आमच्या आसपासचे सगळे मालीकडून. मालीच्या एकानं लांबून हाणलेला चेंडू क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. पंचांनी गोल दिला नाही! आमच्या जागेवरून काही कळलं नव्हतं, पण मागून कोणीतरी मोबाइलवर रिप्ले दाखवला आणि मग जो आरडाओरडा झाला... स्पेन जिंकलं ३-१. आपल्या स्टेडियमांत पंचांच्या नावानं बोंब नवी नाही, पण मालीसाठी?

तेव्हा गुवाहाटीत नोकरीला:
ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामन्याचं तिकीट खिशात. पावसानं मैदानाची वाट लागली, सामना कोलकात्याला गेला. ब्रूस्टरची हॅट्‌ट्रिक घरी बसून पाहिली. असो.

मुलींना शिकवते:
थोडं विषयांतर. मुलींचा हाच विश्वचषक २०२२ला इथे झाला. भारत अमेरिकेकडून ०-८ हरला, तेव्हा माझ्या मुली दोन दिवस गप्प होत्या. म्हणून मुद्दाम नवी मुंबईला फायनलला नेल्या. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तेही स्वयंगोलवर. पण मुलींची नजर हरणाऱ्या लिंडा कैसेडोवर. चेंडू तिच्या पायात आला की सगळ्या उभ्या. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात तिनं जर्मनीला गोल मारला आणि आमच्या ग्रुपवर धडाधड मेसेज: "ताई, हिला आपण पाहिलंय!"