फळीसाठी खाच : तुम्ही कशाने पाडता?

घरच्या घरी पुस्तकांची मांडणी करायला निघालेल्यांसाठी हा धागा. उभ्या फळीत आडवी फळी बसवायला जी खाच लागते, ती तुम्ही कशाने पाडता? नवख्याला पहिलं हत्यार कोणतं घ्यायला सांगाल? जाहिरातीतलं नको, हातचं सांगा.

---

करवत आणि पटाशी. गुण्या लावून दोन्ही रेषा सुरीने आखायच्या, पेन्सिलीने नाही. सुरीने वरचे तंतू आधीच तुटतात, मग कड फाटत नाही. रेषेला लागून सरळ पट्टी क्लॅम्पने आवळायची, तिच्या आधाराने बारीक दातांची करवत ६ मिमी खोल चालवायची आणि मधलं लाकूड पटाशीने काढायचं, दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत. एकाच बाजूने रेटलं तर पलीकडची कड उडते. सागवानात हे काम फार सुखाचं होतं.

---

सागवानात होय. पण बहुतेकांच्या हाती प्लाय असतो, आणि त्याचा वरचा पातळ थर लगेच उचकटतो. मी ट्रिमर, म्हणजे लहान राउटर (बिट नावाचं फिरतं पातं लावून लाकूड कोरायचं यंत्र) घ्यायला सांगेन. १८ मिमीचा प्लाय मोजला तर बऱ्याचदा जरा कमीच भरतो. १८ चा बिट लावलात की फळी ढिली. त्यापेक्षा १२ चा बिट घ्या, पट्टी सरकवून दोनदा फिरवा आणि रुंदी तुमच्याच फळीवरून ठरवा. एका फेरीत ३ मिमी पुरे. डावी-उजवी उभी फळी शेजारी आवळून दोन्हींत एकदमच खाच पाडा, म्हणजे आडवी फळी तिरकी जात नाही. मास्क आणि चष्मा हवाच.

---

सुतार मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काप घेतात, ते बघून कृपया करू नका. पातं लाकडात अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं.

---

इथे अमेरिकेत टेबल सॉला (टेबलात बसवलेल्या गोल पात्याच्या यांत्रिक करवतीला) डॅडो पात्यांचा संच, म्हणजे रुंद खाचेसाठी शेजारी शेजारी बसवायची पाती लावतात, एका फेरीत खाच तयार. माझा भाऊ जर्मनीत आहे. तिकडच्या बहुतेक टेबल सॉचा पातं बसवायचा आस आखूड, तो संच बसतच नाही, म्हणून तो राउटर वापरतो. एका कपाटासाठी एवढा खर्च मलाही पटत नाही.

---

कशानेही पाडा, गोंद लावण्याआधी फळी कोरडीच बसवून बघा. हाताच्या दाबाने जायला हवी. हातोडीने ठोकावी लागली, तर आत जाताना ती सगळा गोंद खरवडून बाहेर काढते.