मदत हवी आहे: तवंदी घाटात लाइट ट्रेल आखूड आणि तुटक येतात, काय चुकतंय?

मंडळी नमस्कार, बेळगावहून लिहितोय. कॅमेरा निकॉन डी५६००, किटमधलीच १८-५५ एएफ-पी लेन्स, ट्रायपॉड साधा हलका. दिवसाचे फोटो बरे येतात पण रात्रीच्या गाड्यांच्या त्या लांबच लांब लाल-पांढऱ्या रेघा काढायचं खूळ डोक्यात शिरलंय आणि तीन आठवडे झाले नुसतं पेट्रोल जाळायलोय.

पहिल्यांदा घराजवळ म्हणून कपिलेश्वर ब्रिजवर गेलो. कठड्याला लागून ट्रायपॉड लावलो, शटर १५ सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/११, आयएसओ १००. रेघा आल्या, पण दुकानांचे बोर्ड सगळे दोन-दोन दिसायलेत. बटण दाबताना धक्का बसत असेल म्हणून २ सेकंदाचा टायमर लावलो तरी तेच. मग एक बस गेली तेव्हा पायाखाली कळलं, ब्रिजच थरथरतोय. तो नाद सोडलो.

मग गेल्या शनिवारी मित्राला मागं बसवून तवंदी घाट गाठलो. निपाणीच्या बाजूला हायवेपासून लांब, जरा उंचावर एका बांधावर उभं राहिलं की घाट चढणाऱ्या गाड्यांची पाठ दिसते, उतरणाऱ्यांचं तोंड. जागा एक नंबर. ट्रायपॉड उघडून पाच मिनिटं झाली नसतील तोवर एक काका बॅटरी घेऊन आले, तिकाटणं बघितले आणि सरळ विचारले, "किती गुंठे जाणार ओ आमचं?" आता हलगा-मच्छे बायपासला शेतजमिनी घेण्याच्या भानगडीनंतर आमच्याकडंही असंच हाय, तीन पाय दिसले की सर्व्हेवाला आला. त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवलो तेव्हा कुठं बसले, आणि मग जाईपर्यंत उठलेच नाहीत.

तर अडचणी अशा. उतरणाऱ्या गाड्यांची पांढरी रेघ बरी लांब येते पण चढणाऱ्यांची लाल रेघ एवढीशीच, वळण भरतच नाही, आणि मी तर पूर्ण ३० सेकंद ठेवलेलो. दुसरं, रेघा मधेच तुटल्यात, काळी फट पडल्यासारखी, आणि काही लाल रेघा तर शिवणीचे टाके घातल्यागत ठिपके-ठिपके. तिसरं म्हणजे पहिले दोन फोटो कडक शार्प, नंतरचे सगळे मऊ, आणि मी फोकस मॅन्युअल करून ठेवलेलो, हात लावलेलो नाही, देवाशपथ. एकजण म्हणाला अ‍ॅपर्चर एकदम बारीक कर म्हणून एफ/२२ केलो तर रेघा दोऱ्यासारख्या बारीक आणि मेलेल्या. दुसरा म्हणतोय एनडी फिल्टर (लेन्सपुढं लावायची काळी काच) घे आणि ५० एमएमची लेन्स घे. खर्च करू का आधी माझीच चूक शोधू?

प्रतिसाद, निपाणीहून

भावा, खर्च करू नकोस, आधी हिशोब कर. सध्या उसाचा सीझन. भरलेला ट्रॅक्टर मागं दोन ट्रॉल्या घेऊन घाट चढतोय तो ताशी १०, लई झालं तर १५ नं. लोडचा ट्रक समज २० नं. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, ३० सेकंदात दीडशे-पावणेदोनशे मीटर झाले. उतरणारी कार ८० नं येत असेल तर तेवढ्याच वेळात साडेसहाशे मीटर. तुझी लाल रेघ आखूड नाही, गाडीच तेवढी चालली.

आणि काळी फट म्हणजे पण ट्रॉलीच. ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, मागं कित्येकांना टेललाइटच नसते, ती अलीकडच्या लेनमधून सावकाश सरकते आणि पलीकडच्या सगळ्या गाड्यांचे लाइट झाकते. ती स्वतः फोटोत दिसत नाही पण तिनं अडवलेलं तेवढं दिसतं. थोडं वर चढून उभा राहा म्हणजे दोन्ही लेन सुट्या दिसतील. पण रस्त्याच्या कडेला यायचं नाही हं, त्या ट्रॉल्या रात्री आम्हालाच दिसत नाहीत.

प्रतिसाद, मूळ टिळकवाडी, सध्या पुणे

निपाणीकरांचं बरोबर आहे. पुढचं सांगतो. रेघ किती उजळ येणार हे शटरवर नसतंच, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर असतं, कारण हलणारा लाइट सेन्सरच्या एका जागेवर क्षणभरच थांबतो. शटर वाढवलं की रेघ लांबते आणि मागचं आभाळ, डोंगर, खांबावरचे दिवे उजळतात, बस. म्हणून एफ/२२ वर तुमच्या रेघा मेल्या, शिवाय इतक्या बारीक भोकातून डिफ्रॅक्शननं, म्हणजे उजेड पसरून, सगळंच मऊ होतं. एफ/८ ते एफ/११ ठेवा, आयएसओ १००, रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) काढा. एनडीची गरज अंधारात नाही. संध्याकाळी आभाळ निळं असतानाच लांब शटर पाहिजे असेल तर कामाची.

३० सेकंदाच्या पुढं जायला एम मोडमध्ये शटर आणखी फिरवलं की बल्ब येतो (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं), वायरचा रिमोट लावा आणि वळण भरेपर्यंत धरून ठेवा. नाहीतर कंटिन्युअस मोडवर रिमोट लॉक करून ३०-३० सेकंदाचे दहा-बारा फोटो सलग काढा आणि घरी कॉम्प्युटरवर लायटन मोडनं (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ तेच राहतं) एकावर एक चढवा, त्यासाठी स्टारस्टॅक्स सॉफ्टवेअर फुकट आहे. ट्रॉलीनं खाल्लेली फट दुसऱ्या फोटोतली गाडी भरून काढते. मात्र लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरच्या फोटोतले दाणे काढणारी सोय) बंद पाहिजे, नाहीतर ३० सेकंदाच्या फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा जॉब एनआर दाखवत बसतो आणि तेवढ्या गाड्या गेल्या.

आता तुमचं फोकसचं भूत. एएफ-पी लेन्सची फोकस रिंग यांत्रिक नाही, मोटर फिरवते. कॅमेऱ्याचा स्टँडबाय टायमर संपून तो झोपला की उठल्यावर फोकस सरकलेला असू शकतो, मॅन्युअलवर असला तरी. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातच लिहिलंय, पण ते वाचतो कोण, मीही एक अख्खी रात्र घालवल्यावर वाचलं. कस्टम मेनूत ऑटो ऑफ टायमर लाँगवर टाका आणि काकांशी गप्पा झाल्या की लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून लांबच्या दिव्यावर फोकस परत बघा. व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) पण मेनूतूनच बंद करायचं, त्या लेन्सवर बटण नाही.

प्रतिसाद, खानापूर

ठिपक्यांचं कुणीच सांगितलं नाही. नव्या गाड्यांची एलईडी टेललाइट मंद करायची असली की ती सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते, डोळ्याला सलग दिसते, पळत्या गाडीच्या रेघेत टाके पडतात. जुन्या बल्बच्या ट्रकला नाही पडत. त्यावर औषध नाही, चारपाच फोटो चढवले की मिसळून जातं.

धागाकर्ता, आठवड्यानंतर

परत गेलतो. सहाला सूर्य बुडतानाच ट्रायपॉड लावलो, निळं आभाळ असतानाचा एक फोटो डोंगरासाठी वेगळा ठेवलो, मग एफ/९ वर ३० सेकंदाचे १४. टायमर लाँगवर, तरी दर तीन-चार फोटोंनंतर फोकस तपासलो. एकदा खरंच सरकलेला निघाला! वारं लई होतं, मधला दांडा पूर्ण खाली घेतलो आणि पिशवी लटकवायच्या ऐवजी काकांनी दिलेला दगड ट्रायपॉडच्या पायात बांधलो. फट भरली, लाल रेघ पार वरच्या वळणापर्यंत गेली. नवीन खरेदी फक्त रिमोट.

आता एकच राहिलंय. एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीला हिरव्या-निळ्या लाइटची माळ गुंडाळलेली, वर साउंड, आणि ती माळ एवढी सावकाश गेली की लाल रेघांच्या मधोमध हिरवा पट्टा पसरलाय. एकावर एक चढवलेल्या फोटोंमधून तो एक फोटो काढू का ठेवू? मित्र म्हणतोय काढ, काका म्हणाले तो त्यांच्या भाच्याचा ट्रॅक्टर हाय.

प्रतिसाद, निपाणीहून

मग काढून परत त्या बांधावर कसा जाणार तू? ठेव की गप.