गिझरमधून खदखद, टिकटिक आणि भिंतीत ठोका – वापरत राहावं का? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे २५ लिटरचा, २००० वॉटचा टाकीवाला गिझर आहे. सात वर्षं झाली, कधी उघडलेला नाही. पाणी बोअरचं. गेल्या तीन आठवड्यांपासून तो आवाज करतोय, आणि आवाज एक नाही, तीन आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बटण दाबल्यावर चार-पाच मिनिटांनी बारीक 'सूंऽऽ' सुरू होतं. ते वाढत जाऊन आधण आल्यासारखी खदखद होते आणि मधूनच टाकीत मूठभर खडे हलवल्यासारखी कडकड. गरम नळ सोडला, गार पाणी आत गेलं, की हळूहळू शांत होतं. थर्मोस्टॅटने दिवा बंद केला की काही सेकंदांत थांबतं. मग बराच वेळ नुसती टिकटिक. तिसरा आवाज वेगळाच: नळ झटकन बंद केला की भिंतीत एकच ठोका, गिझर बंद असला तरी.

शिवाय पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात. नळाच्या जाळीत नखाएवढे पांढरे पापुद्रे सापडले.

एका मेकॅनिकने झाकणही न काढता "टाकी गेली, नवीन घ्या" सांगितलं. दुसरा म्हणाला, आवाज येतातच, लक्ष देऊ नका. मला दोन्ही पटलं नाही. घरात सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. कडकड सुरू झाली की त्या अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर येतात, ते मला बघवत नाही.

थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ वर आणला, तर खदखद निम्म्याने कमी झाली. पण क्षार साचले असतील तर पाणी तापायला जास्त वेळ लागायला हवा ना? ७५ वर पूर्वीही पाऊण तास लागायचा, परवापर्यंत तेवढाच लागत होता. टाकी फुटायची भीती आहे का? कॉइल साफ होते का?

प्रतिसाद

ताई, तुम्ही इतकं नीट ऐकलंय की निम्मं निदान झालंच आहे. खदखद क्षारांचीच. कॉइलवर थर बसला की त्याच्या आत अडकलेलं पाणी उकळून वाफ होते, ते बुडबुडे गार पाण्यात फुटतात, तो आवाज. वेळ वाढला नाही यात नवल नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त थराखाली ती स्वतः फार तापते आणि एक दिवस जळते. टिकटिक म्हणजे तापलेलं धातू आकसतंय, ती सोडून द्या.

थेंबांचं म्हणाल, तर २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलिलिटर वाढतं. ते कुठेतरी जायला हवं. टाकी फुटू नये म्हणूनच तो व्हॉल्व्ह आहे, त्याला बूच मात्र कधीही मारू नका. गिझर बंद असतानाही गळत राहिला तर बदला.

गिझर उघडून घ्या. मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री, पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी, मग फ्लँज (कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती बोल्टची चकती) काढून कॉइल बाहेर. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच. कॉइलची टोकं कोरडी ठेवून बाकीचा भाग व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा. ठोकायचं नाही, आणि टाकीत स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं तर अजिबात नाही, आतलं काचेचं अस्तर जातं. ॲनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी दांडी) बघा, गॅस्केट नवं घाला. बसवल्यावर गरम नळातून सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडी कॉइल लगेच जळते.

५५ वर कायम ठेवू नका. घरात वयस्कर माणूस आहे आणि कोमट साठ्यात लेजिओनेला जंतू वाढतात. ६० ठेवा, आंघोळीला गार पाणी मिसळा. गिझर साफ होईपर्यंत आधी तापवा, बटण बंद करा, मगच त्यांना आत पाठवा. पाण्याला जराही झिणझिणी आली किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला, तर त्या क्षणापासून वापर बंद.

धागाकर्तीकडून

काल उघडला. कॉइल ओळखू येईना, बोटभर जाडीची नळी मनगटाएवढी झाली होती, खडबडीत, पिवळट पांढरी. तळातून दोन मग भरून खपल्या निघाल्या. ॲनोड रॉडची नुसती मधली तार उरली होती, तो बदलला. टाकीला गंजाचा एक डागही नाही!

आज सकाळी ६० वर लावून दाराशी उभी राहिले. बारीक 'सूं' आहे, खदखद नाही. सासूबाई पूर्ण आंघोळ करून आल्या.

भिंतीतला ठोका मात्र तसाच आहे. नळ हळू फिरवून बंद केला तर येत नाही. पाईपची क्लॅम्प सैल असेल की पाण्याचा दाब जास्त आहे? आधी काय तपासू?